टिटवाळा : मेनकेच्या लेकीचे माहेर

मुंबई-ठाण्याकडील कुटुंबांत टिटवाळ्यास जाणे हा प्रवास समजला जात नाही. मुलीचे लग्न ठरावे म्हणून, ठरलेले निर्विघ्न पार पडावे म्हणून, पार पडल्यावर नवस फेडावयाचा म्हणून, अथवा मंगळवारी चतुर्थी आली एवढ्याच निमित्ताने माणसे टिटवाळ्यास जातात आणि दुपारच्या जेवणास घरी परततात. ज्या गावी जावयास शिदोरी लागत नाही त्या गावाविषयी कोणी प्रवासवर्णन लिहीत नाही. तथापि या लहानशा गावास एक फार मोठी कथा लाभलेली आहे, आणि त्या कथेचा एक भाग आपल्या घरांतून नेहमी गाळूनच सांगितला जातो. तो भाग नृत्याचा आहे. त्याचाच माग काढीत टिटवाळ्याहून निघून आणखी दोन ठिकाणी जाण्याचा आमचा विचार आहे. तिन्ही ठिकाणे एकाच लोहमार्गाच्या दोन फाट्यांवर असल्यामुळे वाचकांस फारसे श्रम पडू नयेत.

कल्याणास लोहमार्गाचे दोन फाटे फुटतात, हे प्रवाशांस ठाऊकच आहे. एक ईशान्येस कसाऱ्याकडे व थळघाटाकडे जातो, दुसरा आग्नेयेस कर्जतवरून बोरघाटाकडे. आपण प्रथम कसाऱ्याची गाडी धरू. शहाड, आंबिवली आणि मग टिटवाळा. बोरीबंदराहून, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून, हे अंतर सुमारे ६४ किलोमीटर भरते. पूर्वी कल्याण सुटले की भातखाचरे, गवताची माळराने आणि मधून मधून ताडाची झाडे दिसू लागत. आता मांडा-टिटवाळा कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत आले असून उंच उंच इमारतींनी त्या माळरानांवर आपला हक्क सांगितला आहे. तरी श्रावणात पाहावे. माळशेजच्या बाजूने येणारी काळू नदी तांबूस पाण्याने दुथडी भरून वाहत असते, आणि नव्या इमारतींच्या फटींतूनही हिरवे कोकण डोकावते.

स्थानकापासून देऊळ दीड-दोन किलोमीटरांवर आहे. पूर्वी टांगे असत, आता रिक्षा आहेत. वाटेवर दूर्वा, जास्वंदी, नारळ व मोदक यांची दुकाने. देवळाशेजारी विस्तीर्ण तलाव. हा तलाव या क्षेत्राच्या इतिहासाचा मुख्य साक्षीदार होय. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत, म्हणजे इ. स. १७६१ ते १७७२ च्या दरम्यान, दुष्काळामुळे तलावाचा गाळ काढावयाचे काम चालले असता सरदार रामचंद्र मेहेंदळे यांस गाळात ही गणेशमूर्ती सापडली व पेशव्यांनी देऊळ बांधविले, असे सांगतात. देवळाचा अलीकडील जीर्णोद्धार १९९५-९६ च्या सुमाराचा. अंगारकीस येथे जी रांग लागते तिच्यात उभे राहून देवदर्शन होते, स्थलदर्शन होत नाही. ज्यास गाव पाहावयाचे असेल त्याने साधा बुधवार-गुरुवार निवडावा.

आता कथा. येथे कण्वमुनींचा आश्रम होता. शकुंतला येथेच वाढली. दुष्यंताने तिचा गांधर्वविधीने स्वीकार केला व तो राजधानीस निघून गेला. पतीच्या चिंतनात बुडालेल्या शकुंतलेने दारी आलेल्या दुर्वासांकडे लक्ष दिले नाही, म्हणून त्यांनी शाप दिला आणि राजास तिचा विसर पडला. तेव्हा कण्वांनी तिला गणेशाची उपासना करावयास सांगितले. ती उपासना फळास येऊन पतिपत्नींचे पुनर्मीलन झाले. म्हणून हा विनायक विवाह जुळविणारा व मोडू पाहणारा संसार सावरणारा मानला जातो, आणि म्हणूनच उपवर मुलींस त्यांच्या आया येथे घेऊन येतात.

चिकित्सक वाचक लगेच म्हणतील की महाभारतातील कण्वाश्रम हिमालयाच्या पायथ्याशी मालिनी नदीच्या तीरी होता. तसा तो होताच, आणि उत्तराखंडात कोटद्वारजवळ तो दाखविलाही जातो. आपल्याच खानदेशात जळगावजवळ कानळदे येथेही कण्वांचा आश्रम सांगतात. या स्थळविवादात शिरण्याचे आम्हास प्रयोजन नाही. ज्या लोकांनी आपल्या गावच्या नदीकाठी शकुंतलेस आणून वसविले त्यांना ती परकी वाटली नाही, एवढे आम्हास पुरे आहे.

परंतु या कथेत एक व्यक्ती दिसत नाही. शकुंतला कण्वांची मानसकन्या, मग तिची आई कोण? उत्तर सर्वांस ठाऊक आहे आणि सांगताना सर्वच घाई करतात. इंद्राने विश्वामित्राचा तपोभंग करण्यासाठी स्वर्गातील नर्तकी मेनका हिला धाडले. तिला मुलगी झाली. ती मुलगी तिने नदीतीरी ठेवली, शकुंत पक्ष्यांनी तिचे रक्षण केले आणि कण्वांनी तिला उचलून आणले. झाले, एवढ्यावर आईचा निरोप. टिटवाळ्याच्या कथेत पित्याच्या जागी कण्व आहेत, शाप देणारे दुर्वास आहेत, कृपा करणारा गणपती आहे. नर्तकी मात्र पहिल्या वाक्यातच निघून जाते.

कालिदासास ही घाई ठाऊक होती. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात राजा शकुंतलेच्या जन्माविषयी विचारतो आणि अनसूया सांगू लागते. वसंत ऋतू, विश्वामित्राचे तप, मेनकेचे वेड लावणारे रूप... येथवर आल्यावर ती लाजते व वाक्य अर्धेच टाकून थांबते. राजा म्हणतो, पुढचे समजले. संस्कृत शिकविणारे गुरुजीही या ठिकाणी पुढच्या श्लोकाकडे वळतात. हे अर्धे वाक्य आपल्या पांढरपेशा समाजाने पुढे शेकडो वर्षे तसेच अर्धे ठेवले, असे आम्हास वाटते.

कालिदासाने मात्र ते अर्धे ठेवले नाही. पाचव्या अंकात काय घडते ते पाहावे. राजा शकुंतलेस ओळखीत नाही. तिच्यासोबत आश्रमातून आलेली माणसे, ज्यांच्या अंगणात ती खेळली ती माणसे, तिला तेथेच टाकून चालू लागतात. ती मागे येऊ लागली तर शार्ङ्गरव तिला दटावतो. पुरोहित तिला प्रसूतीपर्यंत आपल्या घरी ठेवावयास तयार होतो, तेही तिच्या पोटच्या मुलाच्या लक्षणांची परीक्षा व्हावी म्हणून. अशा वेळी अप्सरातीर्थापाशी स्त्रीच्या आकाराची एक ज्योत खाली येते आणि रडणाऱ्या शकुंतलेस उचलून नेते. ती ज्योत कोणाची हे शेवटच्या अंकात मारीच ऋषी सांगतात : मेनकेनेच मुलीस अप्सरातीर्थाहून उचलून दाक्षायणीच्या आश्रयास आणले होते. सासर नाकारते, माहेरचे लोक पाठ फिरवितात, आणि नर्तकी आई येते. टिटवाळ्यास नवस करणाऱ्या आयांनी कथेतील ही आई ओळखावी, असे आम्हास फार वाटते. जावयाच्या दारी नाकारलेल्या मुलीस परत आणण्याचे काम तिने केले, आणि ते काम काही थोडेथोडके नव्हे.

नर्तकीविषयीचा हा संकोच आपल्याकडे कोठून आला? नाट्यशास्त्र पाहावे तर तेथे दोन्ही बाजू आहेत. पहिल्याच अध्यायात भरतमुनी ब्रह्मदेवास सांगतात की नाट्यातील सुकुमार कैशिकी वृत्ती स्त्रियांवाचून साधणार नाही, आणि म्हणून ब्रह्मदेव मनापासून अप्सरा निर्माण करतो. म्हणजे अप्सरा ही नाट्याची गरज होय. शेवटी शेवटी मात्र दुसरी कथा येते. भरताच्या पुत्रांनी ऋषींची नक्कल करून थट्टा केली, ऋषी कोपले व त्यांनी त्यांस शूद्रत्वाचा शाप दिला. पाचवा वेद म्हणून ज्या विद्येचा गौरव, तिचे आचरण करणारे मात्र पंक्तीबाहेर. हा विरोध आमच्या आजीपणजींनी निर्माण केला नाही, तो ग्रंथाइतकाच जुना आहे.

टिटवाळ्याहून कल्याणास परतावे व दुसऱ्या फाट्याची गाडी धरावी. विठ्ठलवाडी, उल्हासनगर आणि तिसरे अंबरनाथ. नर्तकीस घरात जागा नव्हती तेव्हा देवळाच्या भिंतीवर किती जागा होती, ते येथे दिसते. वालधुनीच्या काठचे हे शिवालय शिलाहार राजांचे असून त्यातील शिलालेख शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. काळ्या दगडाच्या भिंतींवर तसूभर जागा मोकळी नाही. नृत्य करणारा शिव आहे, आरशात पाहणाऱ्या, पायातला काटा काढाव्या तशा वळलेल्या, एक गुडघा वाकवून कंबर मुरडलेल्या सुरसुंदरी आहेत. हवापाण्याने नाक-डोळे झिजले, पण कंबरेचा बाक झिजला नाही. गाभाऱ्यात मात्र पायऱ्या उतरून जावे लागते, आणि खाली एकही नर्तकी नाही.

येथे महाराष्ट्राच्या वाचकांस एक गोष्ट सांगावीशी वाटते. नृत्यकला ही दक्षिणेची किंवा लखनौची, आपला तिच्याशी संबंध तमाशापुरताच, असा समज आपल्याकडे आहे. नाट्यशास्त्रात देशपरत्वे चार प्रवृत्ती सांगितल्या आहेत : आवंती, दाक्षिणात्या, पांचाली व ओड्रमागधी. दाक्षिणात्या प्रवृत्ती ज्या देशांत चालते त्यांत महाराष्ट्राचे नाव स्पष्ट आहे, आणि तेथील लोकांस नृत्त, गीत व वाद्य यांची विशेष आवड असते असेही मुनी सांगतात. घारापुरीचा नटराज सहाव्या शतकातील. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात वादक स्त्रियांच्या मेळ्यात नाचणारी जी स्त्री कोरलेली आहे तिच्यासमोर अर्धा तास बसले तरी निघवत नाही. आणि ज्या संगीतरत्नाकरास सर्व हिंदुस्थानचे गायक-नर्तक प्रमाण मानतात तो शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात देवगिरीस, यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने लिहिला. त्याचा सातवा अध्याय सगळाच नर्तनाचा आहे.

मग ही कला आपल्या घरांतून गेली कशी? आमचे मत असे की ती कधी गेलीच नाही, फक्त पुरुषांच्या अंगावर राहिली. नारदीय कीर्तनकार झांजांच्या ठेक्यावर मागे-पुढे होत पदन्यास करतो, त्यास कोणी नाच म्हणत नाही. आंध्रात कृष्णा जिल्ह्यातील कुचिपुडी गावचे ब्राह्मण पुरुष पिढ्यान्‌पिढ्या सत्यभामेचे सोंग घेऊन नाचत आले. वेदांतम् सत्यनारायण शर्मा यांची सत्यभामा पाहून बायका आपली वेणी तपासून पाहत, असे म्हणतात. आसामात शंकरदेवांच्या परंपरेतील सत्रांत ब्रह्मचारी भक्त नाचतात. त्यांच्या सत्रिय नृत्यास संगीत नाटक अकादमीने २००० साली शास्त्रीय म्हणून मान्यता दिली, तेव्हा अशा नृत्यांची संख्या आठ झाली. ओरिसात स्त्रीवेष घेतलेली गोटीपुअ मुले, केरळात कथकळीतील द्रौपदी व दमयंती होणारे पुरुष. आणि आपली शकुंतला? अण्णासाहेब किर्लोस्करांचे संगीत शाकुंतल ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आले. पुढे भाऊराव कोल्हटकर शकुंतला झाले, १९०५ साली बालगंधर्वांनी शकुंतला होऊनच पहिले पाऊल टाकले. मेनकेची लेक मराठी माणसाने डोळे भरून पाहिली ती अशी, मिशा काढलेली. स्त्री शकुंतला सर्वदूर दिसली ती व्ही. शांताराम यांच्या १९४३ च्या चित्रपटात, जयश्रीबाईंच्या रूपाने. म्हणजे वर्ज्य होते ते नृत्य नव्हे, नाचणारी स्त्री.

या आठ नृत्यपद्धती एकमेकींहून कशा भिन्न आहेत, हे पुष्कळांस पोशाखावरून कळते, अंगावरून कळत नाही. त्यासाठी शाकुंतलातीलच एक प्रसंग घ्यावा. नवमालिकेच्या वेलीस पाणी घालताना एक भुंगा उठून शकुंतलेच्या तोंडाभोवती घोंगावू लागतो आणि राजा झाडाआडून पाहत असतो. भरतनाट्यम्‌ची नर्तकी गुडघे दोन्ही बाजूंस वळवून, अर्ध्या बैठकीत, जमिनीशी इमान राखून उभी असते. तिच्या बोटांतच भुंगा आहे : मधले बोट व अंगठा जुळवून तर्जनी वाकविली, उरलेली बोटे पसरली की अभिनयदर्पणातील भ्रमर हस्त झाला. तो हात तोंडाभोवती फिरतो आणि डोळे त्याच्यामागे धावतात. पायांचे बोल थांबले तरी शरीराची भूमिती मोडत नाही.

कथकची नर्तकी ताठ उभी असते, आपण घरात उभे राहतो तशी. भुंगा ती हाताने फारसा दाखवीत नाही. मान दचकते, ओढणीचे टोक पुढे येते, आणि आपणास भुंगा दिसतो. मग एक पलटा घेऊन ती वळते तो राजा होऊन, झाडाआड उभी. पुन्हा वळते ती शकुंतला. यास गतभाव म्हणतात. एकाच देहात दोघे, मधली भिंत म्हणजे एक गिरकी. प्रसंग संपला की तबल्याशी झगडा सुरू होतो. पायातील शंभराहून अधिक घुंगरांतून एकच घुंगरू वाजवून दाखविणारे नर्तक आम्ही पाहिले आहेत, आणि त्या वेळी सभागृहात कोणी खोकत नाही.

कथकळीचा नट भुंग्यास डोळ्यांनीच नाचवील. त्याच्या पापणीत वांग्याच्या जातीच्या एका रोपाचे बीज ठेवून डोळे लाल केलेले असतात, व एका श्लोकास तो अर्धी रात्रसुद्धा घेऊ शकतो. ओडिसीत शकुंतला अंबरनाथच्या भिंतीवरून उतरल्यासारखी त्रिभंगात उभी राहील. मणिपुरीत भुंगाही मऊ होईल, पायाचा आवाज येणार नाही. कुचिपुडीत शकुंतला सख्यांशी चक्क बोलेलही. मोहिनीआट्टम्‌ व सत्रिय यांचा आमचा परिचय अल्प आहे. पहिलीतील शुभ्र वस्त्राच्या लाटा व दुसरीतील भक्तिभाव एवढेच मनावर राहिले आहे, म्हणून त्यांविषयी अधिक लिहीत नाही.

या सर्वांत भरतनाट्यम्‌शी आपले नाते सर्वांत जवळचे, आणि ते आपणच सर्वांत कमी सांगतो. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी सतराव्या शतकात तंजावरास राज्य स्थापिले. ते भोसले घराणे १८५५ पर्यंत तेथे नांदले. त्यांपैकी तुळजाराजे यांनी संगीतसारामृत हा संस्कृत ग्रंथ लिहिला. सरफोजीराजे, ज्यांची कारकीर्द १७९८ ते १८३२, यांच्या दरबारी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम्‌ व वडिवेलु हे चार भाऊ होते. आज जगभर भरतनाट्यम्‌चा कार्यक्रम ज्या क्रमाने होतो, अलारिप्पु, जतिस्वरम्‌, शब्दम्‌, वर्णम्‌, पदम्‌, तिल्लाना, तो क्रम या चौघांनी बसविला. त्याच दरबारात सरफोजीराजांनी नृत्यासाठी मराठीत निरूपणे रचली. मद्रासची मुलगी आज अलारिप्पु करते तेव्हा ती एका भोसल्याच्या दिवाणखान्यात उभी असते. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात ती मराठी निरूपणे कित्येक वर्षे पडून होती. मुंबईचे आचार्य पार्वतीकुमार यांनी ती अभ्यासून पुन्हा नाचती केली आणि त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी ती रंगमंचावर आणली. सुचेताबाईंनी पुढे हिंदुस्थानी रागसंगीतावर भरतनाट्यम्‌ बांधून त्यास नृत्यगंगा हे नाव दिले. कर्मठांनी नाके मुरडली. आम्हास विचाराल तर तंजावरचे मराठेही हेच करीत होते.

परंतु दरबारात नाचत कोण होते? देवदासी. १८८० साली सयाजीराव गायकवाडांचा विवाह तंजावरच्या राजघराण्याच्या नात्यातील कन्येशी झाला तेव्हा तिच्याबरोबर गौरा व कांतिमती या दोन नर्तकी आपल्या गुरु-वादकांसह बडोद्यास आल्या. आहेरात भांडी येतात, तशा आल्या. त्यांची विद्या राजवाड्यात राहिली. १९५० च्या सुमारास बडोद्याच्या विद्यापीठात नृत्याचे पदवीशिक्षण सुरू झाले त्याच्या मुळाशी हाच वारसा आहे.

मुलींस देवास वाहण्याची चाल मुंबई इलाख्यात १९३४ च्या व मद्रासेत १९४७ च्या कायद्याने बंद झाली. ते योग्यच झाले. त्या चालीत किती कोवळ्या मुलींचे जन्म करपले हे आठवून कोणीही त्याबद्दल दुःख करू नये. पण त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट घडली, तीही सांगितली पाहिजे. १९३५ च्या डिसेंबरात अड्यार येथे रुक्मिणीदेवी अरुंडेल या ब्राह्मण स्त्रीने हे नृत्य जाहीरपणे केले आणि पुढल्या वर्षी कलाक्षेत्र स्थापिले. त्यांनी विद्या घेतली ती पंदनल्लूरच्या मीनाक्षिसुंदरम्‌ पिळ्ळै यांच्याकडून, म्हणजे त्याच तंजावरी परंपरेतून. कुलीन घरांतील मुलींस दार उघडले. परंतु ज्यांच्या आया-आज्यांनी हे नृत्य जिवंत ठेवले त्यांतील पुष्कळ स्त्रिया त्याच दारातून बाहेर पडल्या. नृत्य शुद्ध करावयाचे म्हणून शृंगार उणा करू नका, हे बालासरस्वती आयुष्यभर सांगत राहिल्या. त्या देवदासींच्या कुळातील होत्या. अनसूयेने टाकलेले अर्धे वाक्य पुरे म्हणण्याचा अधिकार खरोखर त्यांचा होता.

आपल्याकडे पुण्यात रोहिणी भाटे यांनी १९४७ साली नृत्यभारती काढली. पदवीधर, मध्यमवर्गीय मुलीने घुंगरू बांधून शाळा उघडावी, हे त्या काळच्या पेठांस पचावयास जड गेले असणार. त्यांनी लच्छू महाराज व मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे विद्या घेतली आणि इझाडोरा डंकन या पाश्चात्य नर्तकीचे आत्मचरित्र मराठीत आणून वाचकांच्या हाती दिले. आज डोंबिवली-कल्याणात संध्याकाळी चाळीच्या गच्चीवरून किंवा शाळेच्या रिकाम्या वर्गातून तत्कार ऐकू येतो तो त्या धैर्याचे फळ होय. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा जवळ आल्या की आया मुलींचे बोल पाठ करून घेतात. ज्या आया मुलीस टिटवाळ्यास नेतात, बहुधा त्याच. आणि प्रत्येक कार्यक्रमाचा आरंभ गणेशवंदनेने होतो, त्यामुळे टिटवाळ्याच्या देवासही या मुलींविषयी परकेपणा वाटू नये.

अंबरनाथहून हाच फाटा धरून पुढे गेले की कर्जत येते, गाडी घाट चढते आणि खंडाळा लागते. तेथे थंड हवेसाठी जाणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल की या गावी एके काळी नृत्यालयम्‌ नावाची नृत्यशाळा होती. ती काढणाऱ्या बाई बंगालच्या, माहेरच्या लीला रॉय. परळच्या हाफकिन संस्थेचे संचालक डॉ. साहेबसिंग सोखी यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईच्या झाल्या. कुलीन घरातील स्त्रीने कथक शिकावे हेच नवल असता त्यांनी रंगभूमीसाठी नाव घेतले ते कोणते? मेनका. जे नाव उच्चारताना अनसूया लाजली तेच नाव त्यांनी जाहिरातीच्या फलकावर छापविले. १९३६ ते १९३८ त्यांचा संच युरोपात हिंडला, १९३६ च्या बर्लिन येथील आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धेत त्याचा गौरव झाला. पुढे त्यांनी कालिदासाचेच मालविकाग्निमित्र नृत्यनाट्यात आणले. त्या नाटकाच्या आरंभी दोन नृत्यगुरूंचा वाद लागतो आणि त्याचा निवाडा करावयास बसते ती एक संन्यासिनी, हे आठवले म्हणजे मेनकाबाईंनी ते का निवडले असेल याचा तर्क करता येतो.

या मेनकेचे स्वतःचे मूल गेले होते. मुंबईतील एक लहान मराठी मुलगी त्यांच्या दृष्टीस पडली. तिच्या पायात लय होती. मेनकाबाईंनी तिला आपल्या घरी वाढवावयास मागितले. मुलीच्या आईने तिला पूर्णपणे द्यावयास नकार दिला, तेव्हा दोघींनी मिळून तिचे आईपण वाटून घेतले. मुलगी सोखींच्या घरी वाढली, सीतारामप्रसाद यांच्यापाशी कथक शिकली, आणि कोवळ्या वयातच संचाबरोबर युरोपच्या रंगमंचांवर नाचली. ती म्हणजे दमयंती जोशी. पुढे संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार व १९७० साली पद्मश्री त्यांना मिळाली. कथक करताना साडी नेसावयाची पद्धत रूढ करणाऱ्या पहिल्या काही नर्तकींत त्यांचे नाव घेतात. मेनकाबाई १९४७ साली वारल्या. दमयंतीबाईंनी पुढे त्यांचे चरित्र लिहिले. संगीत नाटक अकादमीने ते १९८९ साली प्रसिद्ध केले, आणि त्याच्या मुखपृष्ठावर आईचे तेच नाव आहे, मेनका.